‘भावी आमदार’ बाईंचा फ्लेक्स

पत्र मोठं आहे, थोडं आखडतं घेऊन देते:

“ताई, नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. २००१ ला शिक्षणसेवक म्हणून लागले, २००४ ला नियमित झाले. मिस्टर याच तालुक्यात शिक्षक. मुलगी बारावीला आहे. आमच्या शाळेचा पट एकोणीस. शाळा बंद करून मुलं समूह शाळेत (आसपासच्या लहान शाळा मिळून एक) पाठवणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी पालकांना घेऊन दोनदा पंचायत समितीत गेले. तेव्हापासून लोक म्हणतात, बाई, तुम्ही आमदारकीला उभ्या राहा. गेल्या महिन्यात वाढदिवसाला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी स्टँडवर फ्लेक्स लावला. माझा फोटो आणि खाली ‘भावी आमदार’. मला हसू आलं. पण मग तालुक्यातले एक पुढारी घरी आले. म्हणाले, ‘तुम्ही फक्त हो म्हणा. शिक्षकांची मतं तुमच्यामागे आहेत. खर्चाचं आम्ही बघतो, राजीनामा ऐनवेळी देऊ.’ मिस्टर म्हणतात, हा वेडेपणा आहे. सासूबाई म्हणतात, उभी राहा. मलाही उभं राहावंसं वाटतं. माझं काही चुकतंय का? — एक बाई”

बाई,

तुमचं पत्र आखीव कागदावर हाताने लिहिलेलं आहे, आणि ‘मलाही उभं राहावंसं वाटतं’ हे वाक्य तुम्ही एकदा खोडून परत लिहिलंय. म्हणून आधी त्या खोडलेल्या ओळीला उत्तर. नाही, काही चुकत नाही. आपल्याकडे पुरुषाला आमदार व्हावंसं वाटलं तर त्याला एक पांढरा शर्ट पुरतो. बाईला मात्र आधी ‘लोकांचा फार आग्रह आहे हो’ असं म्हणावं लागतं. तुम्हाला वाटतंय, एवढं कारण पुरेसं आहे.

आता बाकीचं. मी जन्मभर महसूल खात्यात होते, त्यातली बरीच वर्षं तहसीलच्या निवडणूक शाखेत. अर्ज घेणं, छाननीला टेबलापाशी उभं राहणं, खर्चाच्या नोंदवह्या तपासणं, हे सगळं या हातांनी केलंय. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना माझी नजर ‘आमदार’ या शब्दावर अडकली नाही. ती अडकली ‘फ्लेक्स’वर आणि त्याहून जास्त ‘ऐनवेळी’वर.

फ्लेक्सचं थोडक्यात. गावोगावी ‘भावी’ हा शब्द इतका स्वस्त झालाय की दहावीला दोनदा बसलेला मुलगाही चौकात भावी काहीतरी असतोच. त्याला चालतं, तुम्हाला चालत नाही. तुम्ही जिल्हा परिषदेच्या नोकरीत आहात आणि तुम्हाला १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांत राजकारणात भाग घ्यायला आणि विधिमंडळाच्या निवडणुकीला उभं राहायला मनाई आहे. फ्लेक्स तुम्ही लावला नाही हे खरं, पण तुम्ही तो पाहिलात, हसलात आणि राहू दिलात. ज्याला तुमची शाळा नको आहे त्याने त्याचा फोटो तारखेसकट काढून ठेवला असेल, असं गृहीत धरा. पंचायत समितीत ज्यांना तुम्ही दोनदा गाठलंत, त्यांच्याच टेबलावर तो फोटो तक्रारीसोबत जाईल आणि मग शाळेचा पट बाजूला राहून तुमचा खुलासा सुरू होईल. स्टँडची जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना दोन ओळी लिहा: हा फलक माझ्या संमतीने लावलेला नाही, काढावा. गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका, हे तुम्हाला सांगायला नको.

आता ‘राजीनामा ऐनवेळी देऊ’ याबद्दल. हे वाक्य ज्या माणसाने म्हटलं त्याला एकतर निवडणुकीचं काही कळत नाही, किंवा फार चांगलं कळतं.

अधिसूचना निघाली की अर्ज भरायला साधारण सात दिवस मिळतात. शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी छाननी. तुम्ही पात्र आहात की नाही हे त्या छाननीच्या दिवशी बघतात. घटनेच्या कलम १९१ प्रमाणे सरकारच्या अधीन लाभाचं पद असेल तर उमेदवार अपात्र. जिल्हा परिषदेचा शिक्षक त्यात बसतो का, यावर चांगला वकील तासभर बोलू शकेल. पण छाननीच्या टेबलावर तासभर कुणाला मिळत नाही.

एक प्रसंग सांगते. गाव आणि साल सांगत नाही. विधानसभेची छाननी होती, सकाळी अकराची. एका स्थानिक संस्थेत नोकरीला असलेला उमेदवार आला, चाळिशीचा, नवा कोरा नेहरू शर्ट, घडीची रेघ तशीच. नाव पुकारल्यावर समोरच्या उमेदवाराचा वकील उठला आणि म्हणाला, हे नोकरीत आहेत. गृहस्थांनी शांतपणे राजीनाम्याची प्रत काढली. कोपऱ्यात आवक-जावकचा गोल शिक्का, त्यावर तारीख. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी विचारलं, मंजुरीचा आदेश? त्यांनी परत तोच शिक्का दाखवला. परत विचारलं, परत शिक्का. तिसऱ्यांदा त्यांनी कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, जणू आदेश तिथे असेल. अर्ज नामंजूर झाला. बाहेर झाडाखाली हलगीवाले चहा पीत बसले होते. त्यांना कुणी काही सांगितलंच नाही, ते दुपारपर्यंत तसेच बसून होते. पुढच्या महिन्यात राजीनामा मंजूर होऊन आला. उमेदवारी तर गेली होतीच, आता नोकरीही गेली.

तुम्ही म्हणाल, ऋतुजा लटकेंचं झालं ना शेवटी. झालं. २०२२ ची अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक. त्या मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या आणि राजीनामा काही मंजूर होईना. १३ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने आदेश दिला, आणि १४ ऑक्टोबर ही अर्जाची शेवटची तारीख होती. त्या उभ्या राहिल्या, निवडूनही आल्या. पण त्यांच्यामागे एक पक्ष होता, वकील होते आणि हायकोर्ट त्याच शहरात होतं. तुम्हाला संभाजीनगरचं खंडपीठ गाठायचं म्हणजे पहाटेची एसटी. आणि कोर्टाने न्याय दिला तरी वेळेवर मिळेलच असं नाही. मध्य प्रदेशात २०२३ साली निशा बांगरे या उपजिल्हाधिकारी बाईंनी आमला मतदारसंघातून लढायचं म्हणून जूनमध्ये राजीनामा दिला. भांडून भांडून तो ऑक्टोबरच्या अखेरीकडे मंजूर झाला, तोवर पक्षाने तिथे दुसऱ्याचं नाव जाहीर केलं होतं. त्या उभ्या राहिल्याच नाहीत.

यापेक्षाही मोठी गोष्ट तुमच्या पुढाऱ्याने सांगितली नाही, कारण त्यात त्याचं काही जात नाही. तुमची सेवा जुन्या पेन्शनची आहे. निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांप्रमाणे राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा जप्त होते. अख्खी सेवा, बाई. खडूची पूड, पोषण आहाराच्या नोंदी, जनगणना, तीन-तीन निवडणुकांची ड्युटी, एका ओळीच्या अर्जाने शून्य. पण नियमित सेवेची वीस वर्षं भरली असतील तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि मग पेन्शन राहते. २००४ ला नियमित झालात म्हणजे वीस वर्षं भरलेली दिसतात. ‘दिसतात’ अशासाठी म्हणते की मधली बिनपगारी रजा, सेवापुस्तकातली एखादी न झालेली नोंद, पडताळणीची राहिलेली सही, यांत लोकांची वर्षं अडकलेली मी पाहिली आहेत. सेवापुस्तक स्वतः पानन् पान बघा. आमच्या ओळखीतले एक गुरुजी ‘राजीनामा’ आणि ‘स्वेच्छानिवृत्ती’ हे एकाच अर्थाचे दोन शब्द समजत होते. मराठीच शिकवायचे.

पतसंस्थेचं कर्ज पत्रात नाही, पण नवरा-बायको दोघं शिक्षक आणि घर बांधलेलं असेल तर शिक्षक पतसंस्थेचं कर्ज असणारच. त्याचे हप्ते पगारातून कापले जातात. पगार थांबला की पतसंस्था जामीनदाराकडे वळते, आणि जामीनदार म्हणजे शेजारच्या शाळेवरच्या बाई, ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून सही केली. आमदार व्हायच्या आधी त्यांच्या पगाराला हात लागला तर तालुक्यात एकही शिक्षक तुम्हाला मत देणार नाही. निवृत्तीच्या पैशातून आधी ते कर्ज फेडायचं, हे आजच ठरवून टाका.

आता ‘खर्चाचं आम्ही बघतो’.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. २०२४ ला राज्यात ९ कोटी ७० लाखांच्या आसपास मतदार होते आणि जागा २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी सव्वातीन लाखांवर माणसं. भागाकार तुम्हीच करा, मुलांकडून करून घेतलात तरी चालेल: माणशी बारा रुपये. आता तुमच्या तालुक्यातल्या मागच्या निवडणुकीतल्या गाड्या आठवा, जेवणावळी आठवा, आणि मला सांगा हे गणित कुणाच्या वहीत बसतं.

वही मात्र तुमच्या नावाची असते. अर्ज भरायच्या आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं काढावं लागतं. एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही. प्रचाराच्या काळात नोंदवही किमान तीनदा तपासायला आणावी लागते, आणि आमच्या बाजूने तुमच्या खर्चाची दुसरी वही चालू असते. तुमच्या सभेला दीडशे खुर्च्या असतील तर आमचा व्हिडिओवाला त्या टिपायचा, आम्ही रात्री बसून मोजायचो आणि दरपत्रकाप्रमाणे भाडं लावायचो. मंडपाचं कापड मोजलंय मी, बाई, बाजूची झालर सोडून. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही किंवा नीट दिला नाही तर तीन वर्षं अपात्र. ते अपात्र तुम्ही होणार. ‘खर्चाचं बघणारे’ त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या घरी चहा पीत असतील.

शपथपत्राचंही तसंच. नमुना २६ मध्ये तुमची, मिस्टरांची, मुलीची मालमत्ता, दागिने, कर्ज, पाच वर्षांचं उत्पन्न, सगळं लिहून द्यायचं आणि ते सगळ्यांना बघायला खुलं होतं. तुमच्या गळ्यातलं किती ग्रॅमचं आहे हे नणंदेला आधी नीट माहीत नसेल तर आता कळेल. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, ‘निरंक’ लिहायचं.

त्या पुढाऱ्याला पुढच्या वेळी एकच प्रश्न विचारा: एबी फॉर्म कुणाचा? पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे ‘हा आमचा अधिकृत उमेदवार’ असं पक्षाचं पत्र, मिळणार असेल तर कोण देणार, कधी देणार, तालुक्यात आणखी कितीजणांना हेच सांगितलंय? ‘सध्या अपक्ष भरून ठेवा, पुढचं बघू’ असं उत्तर आलं तर समजा की तुम्हाला निवडून आणायचं नाहीये. कुणाची तरी चार-पाच हजार मतं खायला एक चांगलं, स्वच्छ नाव हवंय, आणि तालुक्यात ‘बाई’ या शब्दाइतकं स्वच्छ नाव दुसरं नाही. अपक्ष म्हणून कुणी येतच नाही असं नाही. २०१९ ला तेरा अपक्ष आमदार झाले. २०२४ ला दोन. चार हजारांवर उमेदवार होते. अनामत दहा हजारांची असते, वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जाते. दहा हजार गेल्याचं दुःख नाही. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी पारावर ‘बाईंचं डिपॉझिट गेलं’ हे वाक्य, आणि तेच कायमचं राहणं, हे मी पाहिलंय.

‘शिक्षकांची मतं तुमच्यामागे आहेत’ हेही तपासून घ्या. मतं असतील. हात नाहीत. जे नियम तुम्हाला, तेच त्यांना. सरकारी नोकराने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम केलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४-अ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचे सहकारी तुमच्यासाठी फिरणार नाहीत, व्हॉट्सॲपला स्टेटसही ठेवू शकणार नाहीत. आणि मिस्टरही नाहीत. सगळा तालुका बाईंबरोबर फिरत असेल आणि मिस्टर घरी मुलीच्या अभ्यासाजवळ बसलेले असतील, हेच कायद्याला धरून आहे. त्यांच्या ‘वेडेपणा’ या शब्दाचा राग धरू नका. त्यांनी हिशेब केलाय, तुम्ही तो अजून केला नव्हता.

मग हात कुणाचे? ही खरी परीक्षा आहे, आणि ती तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक आहे. तुम्ही मतदान केंद्राध्यक्ष म्हणून बसला असालच. आदल्या दिवशी साहित्य घेऊन यायचं, शाळेच्या वर्गात सतरंजीवर रात्र काढायची, आणि सात वाजता मतदान असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान सुरू. पन्नास मतं टाकून दाखवायची, चिठ्ठ्या मोजायच्या, मशीन रिकामं करून सील करायचं. त्या अंधारात दारात कोण उभं असतं ते आठवा. मोठ्या पक्षांचे दोन-तीन पोरगे, डोळे चोळत, सह्या करायला हजर. आणि अपक्षाची खुर्ची रिकामी. एका मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास केंद्रं येतात. साडेतीनशे माणसं पहाटे साडेपाचला, कुणी पैसे न देता, तुमच्यासाठी उठतील का? आज रात्री जेवण झाल्यावर एक वही घ्या आणि गावागणिक नावं लिहा. फोन नंबर येत असेल तरच नाव धरायचं. पन्नासाच्या पुढे गेलात तर मला परत पत्र लिहा, मी स्वतः येऊन भेटेन.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई आपल्याला घाबरवून घरी बसवतेय. तसं नाही. पुढची विधानसभा २०२९ च्या शेवटाकडे आहे. पुढाऱ्याला घाई असेल, तुम्हाला नसावी. मला खरं विचारायचंय ते वेगळंच: तुम्हाला आमदार व्हायचंय की शाळा वाचवायचीय?

दोन्ही एकच आहे असं वाटतं, पण आमदाराला पक्षादेश असतो. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सभागृहात व्हिपच्या विरोधात मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. समूह शाळांचा प्रस्ताव शिक्षण खात्याने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मागवला, मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, नवे निकष आले. असे निर्णय ज्या पक्षाच्या सरकारात होतात, त्याच पक्षाच्या तिकिटावर तुम्ही गेलात तर? तारांकित प्रश्न विचाराल, लक्षवेधी लावाल, वर्षाला पाच कोटींच्या आमदार निधीतून वर्गखोल्या बांधाल. ते कमी नाही. पण तुमच्या एकोणीस मुलांच्या शाळेचं भवितव्य पुढच्या दोन-तीन वर्षांत ठरेल, २०२९ पर्यंत कुणी थांबणार नाही. त्यासाठी तुमच्याकडे आजच हत्यार आहे आणि ते वापरायला नोकरी सोडावी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात आहे. समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, सोबत वस्तीपासून दुसऱ्या शाळेपर्यंतचं मोजलेलं अंतर आणि मधल्या ओढ्याचा पावसाळ्यातला फोटो. मोर्चाला पुढे पालक जाऊ देत, तुम्ही कागद तयार करा. कार्यालयात मोर्च्यापेक्षा नीट लावलेल्या फाइलची भीती जास्त असते, हे टेबलाच्या त्या बाजूला बसलेली बाई सांगतेय.

आणि शाळेचं काहीही होवो, मला आमदारच व्हायचंय, असं उत्तर आलं तर तेही चोख उत्तर आहे. मग मात्र आडवाट नको. बारावीनंतर मुलीचं मार्गी लागू द्या, कर्ज फेडा, स्वेच्छानिवृत्ती घ्या, आदेश हातात येऊ द्या, आणि आधी जिल्हा परिषदेचा गट किंवा पंचायत समितीचा गण लढा. तिथे निम्म्या जागा बायकांना आहेत. विधानसभेतल्या एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ ला झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधलेली आहे. तिच्या भरवशावर आज नोकरी सोडू नका. द्रौपदी मुर्मू ओडिशातल्या रायरंगपूरला शिकवत होत्या. १९९७ ला नगरपंचायतीच्या नगरसेविका झाल्या, २००० ला आमदार. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण मला त्यातली ती तीन वर्षं महत्त्वाची वाटतात. गटार, नळ, दाखले, लोकांच्या शिव्या. पुन्हा सांगते, शिव्या. आजवर तुम्हाला गावात कुणी शिवी दिलेली नाही. बाईंना कोण देणार? उमेदवार झालात की पहिल्या आठवड्यात तुमचे जुने विद्यार्थीच देतील, त्यातला एखादा फ्लेक्सवाला असेल. त्याची सवय गटाच्या निवडणुकीत होऊ दे, ती स्वस्तात होते.

कुणीतरी तुम्हाला शिक्षक मतदारसंघही सुचवेल, म्हणून जाता जाता. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत, पण तिथे माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत आहे. प्राथमिकच्या तुमच्या मैत्रिणी तिथे मतदारच नाहीत. म्हणजे तुमची ‘शिक्षकांची मतं’ त्या यादीत नाहीतच. तो विषय सोडून द्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. सुनेला ‘उभी राहा’ म्हणणारी सासू मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत एक-दोनदाच भेटली. वही लिहायला त्यांनाच जवळ बसवा. गावोगावच्या माहेरवाशिणी आणि सोयरिकी त्यांना पाठ असतील, आणि कोण नुसतं तोंडदेखलं ‘बाई बाई’ करतं तेही.

फ्लेक्स मात्र उद्याच उतरवा. पोरांना वाईट वाटेल, तर सांगा, फेकायचा नाही. चांगलं जाड कापड असतं ते, पावसाळ्यात कुणाच्या तरी गोठ्यावर उपयोगी पडेल. अक्षरांची बाजू खाली करून.

तुमची,
ताई